गुणी जंतू

लिफ्टचं दार बंद होता होता चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी त्याच्या गालावर चापट मारली. चांगली सणसणीत. लिफ्टमध्ये ती दोघंच होती. त्याच्या एका हातात जेवणाचा डबा आणि दुसऱ्या हातात बॅग, त्यामुळे गाल चोळायचीही सोय नव्हती. "डास होता हो," काकू म्हणाल्या आणि तळहात उघडून त्याच्या नाकासमोर धरला. "बघा, केवढं रक्त प्यायलाय मेला." रक्त त्याचंच होतं, पण काकूंच्या चेहऱ्यावर असं काही समाधान होतं, की तो "थँक्यू" म्हणाला. साठीला टेकलेल्या माणसाला सकाळी सकाळी थोबाडीत बसते आणि तो वर आभार मानतो. तळमजला आला. काकू हात रुमालाला पुसत भाजी आणायला निघून गेल्या, मागे वळूनही न बघता. किडा दिसला, मारला, हात पुसला, संपलं. तो मात्र लिफ्टच्या दारात तसाच उभा राहिला. गाल चुरचुरत होता, आणि त्याहून जास्त चुरचुरत होतं ते काकूंचं काम इतक्या पटकन उरकलं हे.

कारण त्याचाही धंदा हाच. चावणाऱ्या किड्यांनी माणसाच्या अंगात सोडलेले जंतू मारायचे. एक तप झालं, तो फक्त वाळूमाशीच्या तापामागे होता. वाळूमाशी डासाहून लहान. गुणगुणत नाही, दिसत नाही, चावली तरी माणूस झोपेत कूस बदलतो एवढंच. मग काही महिन्यांनी ताप येतो आणि जायचं नाव घेत नाही, प्लीहा फुगून पोट नगाऱ्यासारखं होतं, हातापायाच्या काड्या होतात. औषधं आहेत, पण ती इंजेक्शनं. महिनाभर टोचून घ्यायची, तीही अशी की रोगातून वाचलेला माणूस कधीकधी औषधाने आडवा होतो, आणि अलीकडे जंतू त्यांनाही जुमानेनासे झाले होते. त्याला गोळी हवी होती. कुणीही, कुठेही, पाण्याच्या घोटाबरोबर घ्यावी अशी साधी गोळी. हे वाक्य त्याने इतक्या सभांमधून म्हटलं होतं की हल्ली म्हणताना तोंडात शिळी चव यायची. त्याच्या मुलाचं टाइल्सचं दुकान होतं. सकाळी विकलेली टाइल संध्याकाळी कुणाच्या तरी न्हाणीघराच्या भिंतीला लागलेली असायची. मुलगा जेवताना फोनवर फोटो दाखवायचा, बाबा, ही बघा. तो बघायचा, छान म्हणायचा. मग फोन उगाचच घाईने परत करायचा. स्वतःच्या पोराचा हेवा करणारा बाप, म्हणजे झालंच की कल्याण.

रस्ता ओलांडून, फाटकावरच्या पहारेकऱ्याला मान हलवून, तो संस्थेच्या मागच्या जिन्याने वर चढला. पुढच्या जिन्यावर रसायनवाल्या बाई भेटल्या असत्या आणि त्याला त्या आत्ता भेटायला नको होत्या. आज दुसऱ्यांदा मोजायचं होतं. पहिल्या खेपेला भिंगाखाली जे दिसलं ते त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. हात चुकला असेल, द्रावण जास्त पातळ झालं असेल, काच नीट रंगली नसेल, अशा सबबी त्याने स्वतःपुढे मांडल्या होत्या आणि स्वतःच मान्य केल्या होत्या. आज सबब उरणार नव्हती. आणि दुपारी संचालकांच्या खोलीत बैठक होती. त्या बैठकीत जावई पुढच्या पायरीवर चढायचा होता, म्हणजे माणसांवर करायच्या चाचणीची तयारी सुरू व्हायची होती. त्याला निवृत्त व्हायला थोडेच महिने उरले होते. त्याच्या सगळ्या आयुष्यातून हातात धरण्यासारखी गोष्ट निघणार होती ती एवढीच.

जावई हे औषधाचं नाव. खरं नाव म्हणजे अक्षरं आणि आकड्यांची मालगाडी होती, पण ती कुणाच्या तोंडात बसेना. औषध हाती आलं त्या वर्षीच बाई वैतागून म्हणाल्या होत्या, "ह्याला पाण्यात घातलं की रुसतो, थंडीत ठेवलं की अंग धरतो, उजेड सोसत नाही. औषध आहे का जावई?" तेव्हापासून जावई. घरी बायकोलाही हेच नाव माहीत. "मुलगी नाही पदरात आणि जावयाचे लाड," असं ती म्हणायची. आज सकाळीही डबा भरताना तिने विचारलं होतं, "आज जावयाची बढती ना? मग तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?" तो म्हणाला, "झोप झाली नाही." ती म्हणाली, "बारा वर्षांत कधी झाली होती?" आणि डब्याचं झाकण जरा जोरातच लावलं. ह्या बाईने त्याच्याबरोबर किती सहली रद्द केल्या, किती लग्नांना एकटी गेली, हे त्याला ठाऊक होतं. मोबदल्यात तिला जावई मिळायचा होता.

खोलीत शिरल्यावर नेहमीचा वास आला. उबदार, थोडा गोड, उकडलेल्या पिठासारखा. उबवणीच्या कपाटात सपाट बाटल्या आडव्या पडलेल्या, आत गुलाबी पाणी, आणि त्या पाण्यात जंतू. वरच्या फळीवर गुणी. हे जंतूंचं त्याच्या खोलीतलं वाण. जुन्या सरांनी, म्हणजे ज्यांच्या हाताखाली तो शिकला त्यांनी, कुण्या रोग्याच्या अंगातून काढून बाटलीत वाढवलेलं, आणि निवृत्त होताना ती बाटली त्याच्या हातात देऊन म्हटलेलं, "सांभाळ." त्याने सांभाळलं. दर आठवड्याला जुन्या बाटलीतला थेंब नव्या बाटलीत. गुणी कधी मरत नसे, कधी रागवत नसे. आज जे उत्तर देई तेच उद्या देई. दुसऱ्या संस्थांमधली माणसं मागायची, तेव्हा तो बर्फाच्या डब्यात घालून अभिमानाने पाठवायचा. पोरीच्या लग्नात रुखवत मांडावं तसा सोबत चार ओळींचा कौतुकाचा कागदही जोडायचा.

खालच्या फळीवर गवंड्याचे जंतू.

गवंड्याला तो इस्पितळात एकदाच भेटला होता. तिथला डॉक्टर त्याचा जुना विद्यार्थी. त्याने फोन केला होता, "सर, एक केस आहे. दोनदा पूर्ण उपचार झाले, दोनदा ताप परत आला. जंतू हवेत का?" तसे हवे होते असं नाही. माणसांवरच्या चाचणीच्या कागदपत्रांत एक रकाना असतो, ताज्या रोग्यांच्या जंतूंवर तपासलं काय, तो भरायचा होता. मुलीकडच्यांनी पत्रिका मागावी तशी ती रीत, इतकंच. हाडातून मगज काढतात तो नमुना घ्यायला तो स्वतः गेला. गवंडी खिडकीकडच्या खाटेवर होता. पोट पुढे, गाल आत, पण हात अजून कामाचे, बोटांना चुन्याच्या भेगा. सुई आत जाताना त्याने छताकडे बघत विचारलं, "हा गिलावा कुणी केलाय? कोपरे सगळे वाकडे." मग पुन्हा एकदा काही कागदांवर सही घ्यायला तो गेला, तेव्हा गवंड्याने त्याला लगेच ओळखलं. "काय साहेब, माझी पोरं कशी आहेत तुमच्याकडे? खातायत-पितायत ना नीट?"

"मजेत आहेत," तो म्हणाला.

"असणारच. माझं सगळं खाऊन गेलीयत." आणि गवंडी स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसला. खाटेच्या पायाशी बसलेली त्याची बायको हसली नाही. तिने फक्त विचारलं, "ते नवीन औषध मिळेल का ह्यांना?" नाही, ते अजून तयार नाही, वेळ लागेल, असं त्याने सांगितलं. किती, असं तिने विचारलं नाही. तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला जिना उतरताना वाटलं. म्हणजे त्याला तरी चिडता आलं असतं, की बाई, हे काय विटा रचणं आहे का! आणि मग लगेच तो स्वतःवरच चिडला, कारण विटा रचणारा वरती खाटेवर पडला होता आणि त्याने रचलेल्या भिंती गावभर उभ्या होत्या.

त्याने काचा काढल्या. यंत्र होतं मोजायला, पण जंतू मोजायच्या बाबतीत तो यंत्रावर विश्वास ठेवत नसे. भिंगाला डोळा लावायचा आणि बघायचं. माणसाच्या अंगात काही पेशी पहारेकऱ्याचं काम करतात. परका आला की गिळून टाकतात. वाळूमाशीचा जंतू असा हरामखोर की तो मुद्दाम त्यांच्याच तोंडी जातो आणि त्यांच्या पोटात मरायच्या ऐवजी बिऱ्हाड करतो. पहारेकऱ्याच्या घरातच चोराचा संसार. पहिली काच गुणीची, जावई घातलेली. पेशी निळसर, मोठ्या, आणि स्वच्छ. एकही ठिपका नाही. किती वर्षं तो ह्या स्वच्छ पेशींकडे बघत आला होता! कधी कधी तर उगाच, काही काम नसताना, लोक समुद्राकडे बघतात तसा. मग दुसरी काच, गवंड्याची. तोच जावई, तेवढाच, त्याच दिवशी, त्याच हाताने. पेशी ठिपक्यांनी गच्च भरल्या होत्या. डाळिंब फोडावं तशा. काही तर फुटून बाहेर सांडल्या होत्या. त्याने काच सरकवली. पुढेही तेच. पुन्हा सरकवली. शेजारी औषध न घातलेली काच होती, तीही बघितली. दोन्हींत फरक करता येईना. जावयाने गवंड्याच्या जंतूंना हातही लावला नव्हता. डॉक्टरने मागाहून आणखी दोन रोग्यांचे नमुने पाठवले होते, त्यांच्याही काचा होत्या. त्याने त्या शेवटी बघितल्या, हळूहळू, आणि तिथेही डाळिंबं.

मग पुन्हा गुणीची काच. ह्या खेपेला त्याने औषध न घातलेली बघितली. ती तो सहसा बघत नसे, कारण तिच्यात बघायचं काय? जंतू असणारच. होते. इकडे दोन, तिकडे एक, बिचकत बिचकत, परक्या घरी कोचाच्या कडेवर टेकलेल्या पाहुण्यांसारखे. जावई कशाला, नुसती फुंकर मारली असती तरी उठून गेले असते. आणि तो भिंगावर डोळा ठेवून तसाच बसला असताना त्याला जनावरांची खोली आठवली. जुन्या सरांचा दंडक होता, बाटलीतल्या जंतूला अधूनमधून उंदराच्या अंगातून फिरवून आणायचं. "नाहीतर आळशी होतात रे. बाटलीत फुकटचं जेवण. लढायचं विसरतात." तो पाळायचा. मग एका वर्षी जनावरांच्या खोलीचं छत गळायला लागलं. दुरुस्ती निघाली. दुरुस्तीसाठी समिती निघाली, आणि समिती निघाली म्हणजे घोडं पेंड खाणारच. तोवर जंतू बाटलीतच राहिले. आणि गंमत अशी, की ते बाटलीत फार छान वाढू लागले. आकडे एका ओळीत येऊ लागले. पूर्वी आज एक तर उद्या दुसरं अशी उत्तरं द्यायचे, ते आता शहाण्या मुलासारखे वागू लागले. बाईंना आनंद, त्याला आनंद, शोधनिबंध तपासणाऱ्यांना आनंद. गुणी हे नाव तेव्हाच पडलं. खोली दुरुस्त झाली तेव्हा कुणालाच त्यांना पुन्हा उंदरात घालावंसं वाटलं नाही. घरात एखादं पोर अचानक शांत झालं तर आई आधी कपाळाला हात लावून बघते. इथे सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली.

साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ते हे. एक तपभर. भुईसुद्धा कशी, मऊ, नांगरलेली, काठी पडली की छान आवाज देणारी. त्याला एकदम इतका संताप आला की त्याने टेबलावर मूठ आपटली. काचा नाचल्या. मग त्या फुटल्या तर नाहीत ना म्हणून त्याने घाईघाईने तपासल्या. नीट रागावताही येत नव्हतं.

बाई दार न वाजवता आल्या. हातात बैठकीची फाईल, अंगावर बैठकीची साडी. "मागच्या जिन्याने आलात. पहारेकऱ्याने सांगितलं. काय लपवताय?"

त्याने खुर्ची सरकवली. "बघा."

बाई रसायनवाल्या, त्यांना भिंगाची सवय नव्हती, पण हे कळायला सवय लागत नव्हती. त्यांनी एक काच बघितली, दुसरी बघितली, आणि सरळ उभ्या राहिल्या. "तुमचे जंतू बिघडलेत," त्या म्हणाल्या. "माझ्या औषधाला काही झालेलं नाही."

"गवंड्याचे जंतू बिघडलेले नाहीत बाई. ते जसे असतात तसे आहेत. बिघडलेत ते आपले."

"एका माणसाचे असतील तसे."

"तिघांचे."

"केव्हापासून माहीत आहे?"

"मागच्या आठवड्यापासून. आज खात्री झाली."

"आणि मला आज सांगताय. बैठकीच्या दिवशी. वा!" त्यांनी फाईल टेबलावर टाकली. "सर, मी त्याला रात्रंदिवस सांभाळलंय. आई आजारी होती तेव्हासुद्धा मी इथे येऊन त्याची पूड वाळत घालत होते. माझे मेहुणे मला लोकांसमोर म्हणतात, बाईंचं औषध निघालं की आपण शेअर घेऊ. आणि तुम्ही सांगताय, तो नुसत्या पाळलेल्या मांजरांना घाबरवत होता?" त्यांचा आवाज चढला, मग फुटला, मग त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्याला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. पण इतक्या वर्षांत त्याने तो कधीच ठेवला नव्हता, आणि आज ठेवणं म्हणजे आपणच मारलेल्या माणसाच्या घरी भेटायला जाण्यासारखं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "मीही ह्यातच होतो." बाई म्हणाल्या, "त्याचा मला काय उपयोग?" खरंच, काही नव्हता.

संचालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हे आजच सांगायची काय घाई होती?" खोलीत ती तिघंच होती. भिंतीवरच्या पडद्यावर गुणीच्या स्वच्छ पेशी मोठ्या करून लावलेल्या. "असं बघा, सुरुवातीच्या टप्प्यात उन्नीस-बीस होतंच. ताज्या नमुन्यांचं काम चालू आहे असं लिहू. खोटं नाही ते. पुढच्या पायरीवर गेल्यावर जे व्हायचं ते होईल, तोवर तुम्ही सन्मानाने निवृत्त झालेले असाल. खोली चालू राहील, बाईंचं काम चालू राहील. उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?"

तो एकदम हो म्हणणार होता. हे त्याचं त्यालाच नंतर खरं वाटेना, पण तोंडापर्यंत 'हो' आला होता, अगदी जिभेच्या टोकावर. बायकोचा चेहरा दिसला, एक दिवस तरी झाकण हळू लावणारा. पण पुढच्या पायरीवर कुणाला औषध देणार होते? कुठल्या तरी गवंड्यालाच. त्याची बायको खाटेच्या पायाशी बसणार, गोळी पोटात गेली की ताप उतरायची वाट बघणार, आणि आत डाळिंबं भरत जाणार. "नाही," तो म्हणाला. अपेक्षेपेक्षा मोठ्याने. "त्याने काहीही होत नाही. जावई निरुपयोगी आहे. असंच लिहा." त्यात काही धैर्यबिर्य नव्हतं. नुसता वैताग होता, इतका की कुणाच्याही अंगावर गेला असता, आणि समोर संचालक होते.

"मग बंद करावं लागेल," संचालक म्हणाले. "तुमच्यामागे ही खोली ठेवायला माझ्याकडे कारण नाही."

"करा."

बाई बैठकभर एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्याच्याशी बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. दोघं लांब बोळातून परत निघाली, मध्ये तिसरा माणूस मावेल इतकं अंतर ठेवून. त्याचा फोन वाजला. इस्पितळातला डॉक्टर. गवंड्याला तिसऱ्या प्रकारची इंजेक्शनं सुरू केली होती, लघवी कमी झाली होती, बघू, सर. "तुमच्या औषधाचं काय झालं?" डॉक्टरने विचारलं. "गेलं," तो म्हणाला. फोन खिशात टाकून तो चालू लागला तेव्हा बाई सोबत नव्हत्या. त्या मागे, बोळाच्या मध्येच थांबल्या होत्या.

"सर," त्या म्हणाल्या. आवाज रागाचा नव्हता, आणि म्हणून त्याला भीती वाटली. "गुणी लढायचं विसरले म्हणालात ना? म्हणजे माणसाच्या पेशीत तग धरायला जे काही लागतं, ते त्यांनी टाकून दिलं."

"हो."

"मग एखादं औषध नेमकं त्यावरच घाव घालणारं असेल तर? गुणीला त्याचं काय? त्याच्याकडे ते नाहीच. तो मजेत जगणार. आणि आपण म्हणणार, जंतू मेले नाहीत, औषध बाद."

तो त्यांच्याकडे बघत राहिला. बोळातला दिवा फडफडत होता. किती पदार्थ ह्या हातांखालून गेले होते! बाईंनी केलेले, बाहेरून आलेले, झाडांच्या सालींतून काढलेले. गुणीवर घालायचे, तीन दिवसांनी बघायचं, जंतू वळवळत असले की डबीवर काट मारायची. एकेका दुपारी रांगच्या रांग बाद व्हायची आणि ती दोघं हलक्या मनाने चहा प्यायला जायची, कारण बाद करणं हेही कामच होतं. जावई तेवढा निवडला, कारण गुणी त्याला घाबरला. बाकी सगळे, ज्यांना तो घाबरला नाही, ते तळघरातल्या शीतकपाटात. औषध सापडलं नाही, ह्याची इतक्या वर्षांत त्याला सवय झाली होती. त्या निराशेला धरून उठता-बसता येत होतं. पण ते येऊन गेलं असेल, त्याने स्वतः चिमट्यात धरून उजेडाकडे करून बघितलं असेल, आणि त्यावर काट मारून तो चहाला गेला असेल, हे कुठे ठेवायचं? आणि वरून ही आशा. आज, ह्या वयात, खोली बंद व्हायच्या वेळी. त्याला रडावं की कुणाला तरी शिव्या द्याव्यात ते कळेना. गवंड्याला ह्यातलं काहीही वेळेत मिळणार नव्हतं.

तळघरात बाईंनी शीतकपाटाचं दार दोन्ही हातांनी ओढून उघडलं. पांढरी वाफ त्यांच्या चांगल्या साडीवर सांडली. आत वरपासून खालपर्यंत डबे, बर्फाने एकमेकांना चिकटलेले, प्रत्येकावर त्याच्या अक्षरात 'बाद'.

"किती महिने आहेत तुमच्याकडे?" बाईंनी विचारलं.

"पुरणार नाहीत."

"ते मला कळतंय. कुठून सुरुवात करू, ते सांगा."

"पहिल्यापासून," तो म्हणाला. "ह्या वेळी गवंड्याच्या जंतूंवर." आणि बर्फाला चिकटलेला सगळ्यात जुना डबा तो ओढू लागला.